व्हॉट्सअ‍ॅपवरचा कायदा आणि काकूंची भीती

पत्र, थोडक्यात: पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. नवरा खासगी नोकरीत, मुलगी चौथीत, ताई घरीच ब्लाउज शिवतात. तीन वर्षं एकाच घरात भाड्याने आहेत. मालकीणबाई, म्हणजे ताईंच्या काकू, निवृत्त, एकट्या, खालच्याच मजल्यावर राहतात. ताईंच्या मुलीला शाळेच्या बसमधून रोज त्याच उतरवून घेतात. पहिल्या वर्षी अकरा महिन्यांचा रजिस्टर करार झाला, दुसऱ्या वर्षी नुसती नोटरी, आणि तिसऱ्या वर्षी ‘आता काय परके आहोत का’ म्हणून काहीच नाही. भाडं १७,०००, डिपॉझिट ७५,०००. आता काकूंनी भाडं १९,५०० आणि डिपॉझिट एक लाख मागितलंय, कागद मात्र खर्च वाचवायला नोटरीचाच. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या मोबाइलवर ‘नवा भाडे कायदा’ आला: दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, करार दोन महिन्यांत नोंदवला नाही तर ५,००० दंड, तीन महिने आधी कळवल्याशिवाय भाडंवाढ नाही. नवऱ्याचं म्हणणं, दिलेल्या डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं वजा जाता जास्तीचे ४१,००० परत मिळेपर्यंत भाडं द्यायचं नाही आणि तक्रारही ठोकायची. इकडे ताईंना ओव्हरलॉक मशीनसाठी कर्ज हवंय आणि बँक रजिस्टर करार मागतेय. त्या विचारतात, कायदा आपल्या बाजूने असताना गप्प बसणं हा भित्रेपणा होईल का?

ताई,

भित्रेपणाचं नंतर बघू. तुमच्या पत्रात ‘कायदा आपल्या बाजूने असताना’ हे शब्द इतके सहज आलेत की तुम्हीही त्यांच्यापाशी थांबला नसाल. मला तिथेच थांबायचंय. कुठला कायदा, कुणी केलेला, आणि तो तुमच्या घराला लागू आहे का?

तुमच्या मिस्टरांना आलेला मजकूर मला बऱ्याच वाचकांनी पाठवलाय. तो सगळाच खोटा असता तर बरं झालं असतं, लोकांनी एव्हाना ओळखला असता. त्याच्या मुळाशी एक खरा दस्तऐवज आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये ‘मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट’ मंजूर केला. राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, भाडं वाढवायचं तर तीन महिने आधी लेखी कळवणं, करार झाल्यावर दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला माहिती देणं, हे सगळं त्यात आहे. पण मॉडेल म्हणजे नमुना. घरभाडं हा विषय घटनेने राज्यांकडे दिलाय. केंद्राने मसुदा करून दिला. ज्या राज्याला पटेल त्याने तो आपल्या विधिमंडळात आणायचा. उत्तर प्रदेश आणि आसाम यांनी २०२१ मध्येच आपापले कायदे केले. आपल्याकडे आजही १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराच्या, डिपॉझिटला त्यात कसलीही कमाल मर्यादा नाही. भाडं किती वाढवायचं यालाही नाही. जे दोघांनी लिहून दिलं, ते.

त्याच नमुन्यात असंही एक कलम आहे की मुदत संपूनही घर सोडलं नाही तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं द्यावं लागेल. मजकूर पुढे पाठवणाऱ्याने हे कलम गाळलं. भाडेकरूच्या सोयीचं तेवढंच फिरतंय.

म्हणजे ते ४१,००० परत मागायला तुमच्याकडे आधार नाही. हे वाचून तुमचे मिस्टर निराश होतील याची मला कल्पना आहे. पगारदार माणसाचे पाऊण लाख रुपये दुसऱ्याकडे बिनव्याजी पडून असतात ही त्यांची सल खरी आहे, आणि दोन महिन्यांची मर्यादा आपल्या राज्यानेही आणावी असं माझंही मत आहे. पण ‘व्हायला हवं’ आणि ‘झालंय’ यांत गल्लत करून घरमालकाच्या दारात उभं राहिलं की पहिल्याच वाक्याला आपली बाजू पडते.

आता ५,००० रुपयांच्या दंडाबद्दल. हा आकडा महाराष्ट्रात खरा आहे, पण नवा नाही. आपल्या १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गेली पंचवीस वर्षं हे पुस्तकात आहे आणि तेवढीच वर्षं लोक अकरा महिन्यांचा कागद नोटरीकडे नेताहेत. ही अकरा महिन्यांची चाल आली नोंदणी कायद्यातून. १९०८ च्या त्या कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून वर्षाच्या आत एक महिना राखून कागद करायची सवय लागली. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यावर मुदतीचा प्रश्नच उरला नाही. अकरा महिने असोत की साठ, नोंदणी लागतेच. सवय तेवढी राहिली.

आणि याच कलमाचा दुसरा भाग काकूंनी वाचायला हवा. रजिस्टर करार नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं याबद्दल राहणारा जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. उद्या तुम्ही म्हणालात की भाडं पंधराच हजार ठरलं होतं, तर ते खोटं ठरवायचं ओझं काकूंवर. आज तुमच्या दोघींमध्ये कागद नाही, आणि त्यात जास्त उघड्यावर त्या आहेत.

मग त्या नोटरीवर का अडून बसल्यात? खर्च वाचवण्यासाठी असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, खर्च हे वरवरचं कारण असेल. मी भाड्याचे कागद बरीच वर्षं पाहतोय, आणि वयस्क घरमालकांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकलंय: ‘रजिस्टर केलं की भाडेकरू कायमचा चिकटतो.’ या भीतीला मुंबई-पुण्यात इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं गेलं. रात्रीत परवानाधारकाचा भाडेकरू झाला. वाड्यांमधली, चाळींमधली दोन आकडी भाड्याची घरं काकूंच्या पिढीने डोळ्यांनी बघितलीत. त्यांच्या माहेरच्या किंवा सासरच्या कुणाची एखादी खोली अशी अडकलेलीही असेल. ती भीती वेडगळ नाही. ती जुन्या कायद्याची आहे.

आजचा कायदा नेमका उलटा आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस बोलण्यात भाडेकरू असला तरी कायद्यात परवानाधारक असतो. मुदत संपली की परवाना संपला. कलम २४ प्रमाणे घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसावं लागत नाही, आणि मुदतीनंतर जितके दिवस राहिलात तितक्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने द्यावं लागतं. लेखी करारात जे लिहिलंय तोच तिथे निर्णायक पुरावा. जो रजिस्टर कागद काकूंना धोका वाटतो, तो त्यांचं घर सर्वांत भक्कम राखणारा कागद आहे. आणि तुमच्या मिस्टरांना जो हक्क वाटतो, तो या राज्यात नाही. दोघंही आपल्या हाताशी असलेला कायदा सोडून दुसराच कुठला तरी धरून बसलेत, एक जुना, एक न झालेला.

भाडं थांबवून डिपॉझिटमधून वळतं करण्याचा बेत मिस्टरांनी सोडून द्यावा, हे मी ठामपणे सांगतो. दोन महिन्यांचं भाडं थकलं की तुम्ही तीन वर्षं वेळेवर भाडं देणारं कुटुंब राहत नाही, थकबाकीदार होता. उद्या प्रकरण कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न तोच येणार. तक्रारीचं शस्त्र मात्र खरं आहे. नोंदणी न केल्याबद्दल काकू अडचणीत येऊ शकतात. पण तक्रारीनंतर त्या तुम्हाला घर सोडा म्हणतील, आणि मनाने तर तुम्ही त्याच दिवशी ते सोडलेलं असेल. मुलगी चौथीत आहे, संध्याकाळी बस येते, तिला उतरवून घ्यायला कोण उभं राहणार? बँकेला जो कागद हवाय त्यावर सही याच काकूंची लागणार आहे. हे हिशेब तुम्ही मनात केलेच असणार, म्हणून तुम्ही गप्प आहात. त्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पण गप्प राहूनही चालणार नाही, कारण कागदाशिवाय तुमचं कर्ज अडलंय.

तर बोलायला जा, आणि डिपॉझिटपासून सुरुवात करू नका. आधी बँकेचं सांगा: ‘काकू, मला मशीन घ्यायचंय, बँक रजिस्टर करार मागतेय.’ ही खरी गोष्ट आहे आणि तिच्यात कुणावर आरोप नाही. मग कलम २४ चं सांगा, की यात तुमचंच घर सुरक्षित राहतं. त्यांना तुमच्या शब्दावर भरवसा वाटत नसेल तर त्यांच्या ओळखीतल्या एखाद्या वकिलाला विचारू द्या; उलट तसं सुचवाच. जिच्याकडून आपण मागतोय तिला दुसऱ्याला विचारायची मोकळीक दिली की निम्मी भीती तिथेच जाते.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडून न्या. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क असतं ०.२५ टक्के. कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारं व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर. समजा १८,५०० भाड्यावर आणि ७५,००० डिपॉझिटवर अकरा महिन्यांचा करार केलात. भाडं झालं २,०३,५००, व्याज साधारण ६,८७५, मिळून २,१०,३७५. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च आणि एजंट घेतलात तर त्याची फी. नोटरीच्या कागदालाही ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो, शिवाय नोटरीचे पैसे. जी बचत डोळ्यांपुढे आहे ती तेवढी मोठी नाहीच. चोवीस महिन्यांचा एकच करार केलात तर मुद्रांक जाईल साडेअकराशेच्या घरात, पण नोंदणी फी एकदाच. मी तुमच्या जागी असतो तर चोवीस महिन्यांचाच मागितला असता. मुलगी सहावीत जाईपर्यंत घर पक्कं, आणि काकूंना दरवर्षी कागदाची कटकट नाही. खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवा, त्या कुरकुरल्या तर सगळा तुम्ही द्या. यावरून बोलणं मोडू देऊ नका.

भाड्याबद्दल तुमच्या हातात कायदा नाही, पण बाकी बरंच काही आहे. एकदम १५ टक्के वाढ जास्त आहे, आणि ते तुम्ही म्हणू शकता. घर बदललं तर काकूंना नवा माणूस शोधेपर्यंत एखादा महिना रिकामा जाणार, रंगकाम येणार, एजंटाला दलाली जाणार, आणि नव्या माणसाची सवय लागेपर्यंत खालच्या मजल्यावर एकटीने राहायचं. यातलं शेवटचं तोंडाने म्हणू नका, ते त्यांना ठाऊक आहे. पहिल्या वर्षी १८,५००, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट आहे तेवढंच, असं मांडून बघा. डिपॉझिटवर त्या अडून बसल्या तर आधी कारण विचारा. कदाचित घराच्या दुरुस्तीला पैसे हवे असतील. तसं असेल तर भाडं थोडं कमी आणि डिपॉझिट थोडं जास्त, असाही सौदा होतो. आणखी एक सांगतो. ‘कायद्याने वर्षाला चारच टक्के वाढवता येतं’ असं तुम्हाला कुणी सांगेल. ती तरतूद भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूंची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या पागडीवाल्यांसारख्यांची आहे. ती तुमच्यासाठी वापरायला जाऊ नका.

आता कराराच्या मजकुराकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे खरा कायदा तिथेच लिहिला जातो. एजंटाच्या छापील नमुन्यात बहुतेक वेळा ‘फक्त राहण्यासाठी वापर’ असं असतं. तुम्ही घरी शिवणकाम करता. आज काकूंना चालतंय, उद्या सोसायटीतल्या कुणी कुरकुर केली की हेच वाक्य तुमच्या अंगावर येईल. ‘परवानाधारक घरी, कामगार न ठेवता, शिवणकाम करू शकेल’ एवढं एक वाक्य घालून घ्या. ओव्हरलॉक मशीन आल्यावर त्याचा आवाज दुपारच्या झोपेत खाली जाणार आहे, तेव्हा वेळही आधीच ठरवा. हे तोंडी ठरलं तरी पुरे.

डिपॉझिटची रक्कम, ती कुठल्या तारखेला कशी दिली, आणि परत कधी मिळणार हे आकड्यांत लिहा. ‘घर सोडल्यावर’ असं मोघम नको. ‘किल्ल्या देतील त्याच दिवशी’ असं हवं. डिपॉझिटची भांडणं बहुतेक रंगकामावरून होतात. तेव्हा रंगाचे पैसे कापणार का, कापणार तर किती, हेही घाला. नव्याने करार करताना भिंती, नळ, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो काढून दोघींच्या मोबाइलवर ठेवा. तीन वर्षांपूर्वी काढायचे राहिले असतील तर आता काढा. लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता येणार नाही असं, कलम असेल तर ते दोघांनाही सारखं बांधतं का ते वाचा. बऱ्याच नमुन्यांत ते फक्त राहणाऱ्याला बांधतं. मिस्टरांची नोकरी बदलली तर किती दिवसांची नोटीस देऊन निघता येईल, तेही पाहा. भाडं यापुढे बँकेतूनच द्या.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हेही काकूंचं काम, पण त्यांना त्यासाठी ठाण्यात पाठवू नका, ऑनलाइन होतं, तुम्ही बसून भरून द्या. शहरात याबद्दल पोलिसांचे आदेश निघतात आणि ते मोडले तर गुन्हा होतो. जुने लोक याला ‘१८८ लागतं’ म्हणतात. ते जुन्या दंड संहितेतलं कलम. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिथे ते कलम २२३ झालंय. आकडा बदलला, जबाबदारी तीच.

ज्या बाकीच्या वाचकांनी असाच मजकूर पाठवून ‘हे खरं का’ विचारलंय त्यांच्यासाठीही दोन शब्द. भाडं असो, गाडी असो की दुकान, ‘नवा कायदा आला’ असं वाचलं की आधी बघायचं की तो केंद्राचा आहे की राज्याचा, मसुदा आहे की मंजूर, आणि आपल्याकडे कुठल्या तारखेपासून लागू. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यालाही हे लागतं. मोटार वाहन कायद्यातले वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून आले, पण तडजोड शुल्काची, म्हणजे कोर्टात न जाता भरायच्या दंडाची, अधिसूचना राज्याने काढायची असते आणि महाराष्ट्राने ती काढली डिसेंबर २०२१ मध्ये. मधली दोन वर्षं लोक सिग्नलवर मोबाइलमधले आकडे दाखवून पोलिसांशी वाद घालत होते. दुकानांचंही तसंच. २०१७ च्या राज्याच्या कायद्यानंतर मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणीची गरज उरली नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. तरी ‘शॉप अ‍ॅक्ट काढून देतो’ म्हणून छोट्या दुकानदारांकडून हजारो रुपये घेणारे आहेतच. कायदा बदलल्याची खबर न पोचल्यानेही नुकसान होतं, आणि न बदललेला बदलला असं समजल्यानेही.

ताई, मिस्टरांना काकूंकडे सोबत न्या. त्यांना डावलून तुम्ही एकटीने मिटवलंत तर घरात वेगळीच सल राहील. त्यांनी काहीतरी शोधून काढलं होतं ते तुमच्यासाठीच, आणि त्या मजकुरातली नोंदणीची गोष्ट तर खरीच निघाली. काकूंपुढे ती त्यांनीच मांडू दे.

आणि नोंदणीच्या दिवशीचं एक. ऑनलाइन नोंदणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागत नाही, एजंट मशीन घेऊन घरी येतो, पण आधारशी अंगठा जुळावा लागतो. वय झालेल्या बायकांचे, जन्मभर भांडी-धुणी केलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा उमटत नाहीत आणि मग त्या खजील होतात. बाकीची बोटंही चालतात, हे आधीच सांगून ठेवा. हात धुवून, थोडं तेल लावून, पुसून पुन्हा करायला सांगा. तरीही नाहीच जुळलं तर कार्यालयात जाऊन करता येतं. त्या दिवशी मिस्टरांनी रजा काढावी आणि काकूंना रिक्षाने न्यावं-आणावं. कराराचा मसुदा मात्र त्याआधी दोन दिवस दोन्ही घरी वाचायला असू द्या, एजंट दारात उभा असताना कुणी नीट वाचत नाही.